दुर्बिणीची इलेक्ट्रॉनिक शोधसाधने

दुर्बिणीची इलेक्ट्रॉनिक शोधसाधने म्हणजे हाताने फिरवायच्या हौशी दुर्बिणीला आकाशातील इच्छित ज्योतीकडे वळवण्यासाठी मार्गदर्शन करणारी उपकरणे होत. दुर्बीण या क्षणी आकाशात कोठे रोखली आहे हे अशी उपकरणे सतत मोजतात आणि निवडलेल्या ज्योतीपर्यंत ती कोणत्या दिशेने व किती अंश सरकवावी हे पडद्यावर दाखवतात. दुर्बीण हलवण्याचे काम निरीक्षकाचा हातच करतो. मोटारीच्या साहाय्याने स्वतः वळणाऱ्या ‘गो-टू’ दुर्बिणीपासून वेगळी ओळखता यावी म्हणून या पद्धतीला ‘पुश-टू’ असे म्हणतात.

या साधनांचे तीन मुख्य प्रकार आहेत: अक्षांवर बसवलेल्या एन्कोडरवर चालणारी अंकीय स्थानचक्रे, कॅमेऱ्याने टिपलेल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखणारी साधने आणि केवळ कोन मोजणारी साधी साधने. तिन्ही प्रकार शोधण्याचा वेळ वाचवतात. मात्र मंद ज्योती दिसणे हे अखेर दुर्बिणीच्या आरशाचा व्यास, आकाशाचा काळोख आणि निरीक्षकाची सवय यांवरच अवलंबून राहते.

## पार्श्वभूमी

चंद्र, गुरू किंवा शनी दुर्बिणीत आणणे सोपे असते, कारण ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बहुसंख्य तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्रही लहान असते. उदाहरणार्थ, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर वर्धन ४८ पट होते आणि नेत्रिकेचे आभासी क्षेत्र ५० अंशांचे असल्यास प्रत्यक्षात आकाशाचा सुमारे १ अंश रुंदीचाच भाग दिसतो. पूर्णचंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश असते. म्हणजेच दोन चंद्र शेजारी ठेवले तर जेवढी जागा व्यापतील, तेवढ्याच खिडकीतून संपूर्ण आकाश धुंडाळावे लागते.

पारंपरिक पद्धतीत नकाशा पाहून एका ठळक ताऱ्यापासून दुसऱ्या, मग तिसऱ्या ताऱ्याकडे टप्प्याटप्प्याने जातात. तिला ‘स्टार हॉपिंग’ म्हणतात. देवयानी दीर्घिका शोधताना भाद्रपदांच्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यापासून देवयानीतील मिराख या ताऱ्याकडे जातात आणि तेथून दोन मंद ताऱ्यांच्या आधाराने वळण घेतात. ही पद्धत बिनखर्चाची आहे आणि तिच्यामुळे आकाशाची ओळख पक्की होते. मात्र वाटेतले मंद तारे दिसले तरच ती उपयोगी पडते. शहरी उजेडात नेमके हेच तारे नाहीसे होतात.

## इतिहास

विषुववृत्तीय बैठकीच्या दुर्बिणींना विषुवांश आणि क्रांती यांच्या खुणा कोरलेली धातूची चक्रे बसवण्याची पद्धत जुनी आहे. वेधशाळांतील मोठ्या चक्रांवरून अचूक वाचन घेता येई. हौशी दुर्बिणींवरील लहान चक्रांवर एक अंशाहून सूक्ष्म वाचन घेणे अवघड असे. शिवाय बैठकीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे नेमका रोखलेला असणे आवश्यक होते.

जॉन डॉबसन यांच्यामुळे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून साधी, लाकडी बैठकीची दुर्बीण लोकप्रिय झाली. ‘डॉबसोनियन’ नावाने ओळखली जाणारी ही बैठक उभ्या-आडव्या अशा दोन अक्षांवर फिरते. ती स्वस्त आणि घरी बनवण्याजोगी असली तरी तिच्यावर विषुवांश-क्रांतीची चक्रे थेट उपयोगी पडत नाहीत, कारण ज्योतीचे उन्नतांश आणि दिगंश पृथ्वीच्या परिवलनामुळे सतत बदलत असतात. हे रूपांतर क्षणोक्षणी करण्यासाठी गणकयंत्राची गरज होती.

१९८० च्या दशकात सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाले आणि अंकीय स्थानचक्रे बाजारात येऊ लागली. जपानी अभियंता तोशिमी ताकी यांनी १९८९ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या मासिकात दोन ताऱ्यांच्या साहाय्याने दुर्बिणीची स्थिती सारणीगणिताने काढण्याची पद्धत मांडली. घरी उपकरण बनवणाऱ्यांना तिचा मोठा उपयोग झाला. याच काळात मोटारीवर चालणाऱ्या दुर्बिणीही पुढे आल्या. मीड कंपनीची एलएक्स-२०० ही दुर्बीण १९९२ मध्ये आली. तरीही मोठ्या आरशाच्या डॉबसोनियन दुर्बिणी वापरणाऱ्यांनी पुश-टू पद्धत सोडली नाही, कारण तिला कमी वीज लागते आणि दुर्बीण केव्हाही हाताने हलवता येते.

एकविसाव्या शतकात ओरायन कंपनीच्या इंटेलिस्कोप मालिकेत एन्कोडर आणि १४,००० हून अधिक ज्योतींची सूची असलेले हातातील यंत्र दुर्बिणीसोबतच मिळू लागले. ऑस्ट्रेलियात तयार होणारी आर्गो नॅव्हिस आणि नेक्सस ही उपकरणे कोणत्याही बनावटीच्या दुर्बिणीला जोडता येतात. २०२० मध्ये सेलेस्ट्रॉन कंपनीने स्टारसेन्स एक्सप्लोरर ही मालिका आणली. तिच्यात वापरकर्त्याच्या स्मार्टफोनचा कॅमेराच शोधसाधनाचे काम करतो. रास्पबेरी पाय या लहान संगणकावर आधारलेले पाय-फाइंडर हे मुक्त-स्रोत साधन त्यानंतरचे आहे.

## कार्यपद्धती

### एन्कोडर

एन्कोडर म्हणजे अक्ष किती फिरला ते मोजणारा संवेदक होय. त्यात बारीक रेषा आखलेली पारदर्शक चकती असते. एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला दोन प्रकाशसंवेदक असतात. चकती फिरली की रेषांमुळे प्रकाश खंडित होतो आणि स्पंद निर्माण होतात. दोन संवेदक किंचित मागे-पुढे बसवलेले असल्याने कोणता स्पंद आधी आला यावरून फिरण्याची दिशा कळते. २०४८ रेषांच्या चकतीपासून या रचनेत एका फेरीला ८१९२ पायऱ्या मिळतात. म्हणजे एक पायरी सुमारे २.६ कलांची असते. एक अंश म्हणजे ६० कला. नेत्रिकेचे क्षेत्र ६० कलांचे असेल तर ही सूक्ष्मता पुरेशी ठरते.

अशा एन्कोडरला केवळ झालेला बदल कळतो, मूळ स्थान कळत नाही. वीज बंद झाली की मोजणी पुसली जाते. म्हणून प्रत्येक रात्री सुरुवातीला जुळवणी करावी लागते.

### दोन ताऱ्यांची जुळवणी

निरीक्षक एक ठळक तारा नेत्रिकेच्या मध्यभागी आणतो आणि उपकरणावर त्याचे नाव निवडतो. नंतर दूरच्या दुसऱ्या ताऱ्यासाठी हेच करतो. दोन्ही ताऱ्यांचे विषुवांश व क्रांती उपकरणाच्या सूचीत असतात, एन्कोडरचे आकडे मोजलेले असतात आणि दोन नोंदींमधला वेळ घड्याळ सांगते. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरत असल्याने हा वेळ हिशेबात धरणे आवश्यक असते. या माहितीवरून दुर्बिणीचे अक्ष आकाशाच्या तुलनेत कसे कललेले आहेत हे निश्चित होते. त्यामुळे बैठक पूर्णपणे समतल नसली तरी चालते.

एकाच ताऱ्याने जुळवणी पुरी होत नाही, कारण त्या ताऱ्याभोवती आकाश कोणत्याही कोनात फिरलेले असू शकते. दुसरा तारा ही संदिग्धता दूर करतो. दोन तारे एकमेकांच्या फार जवळ किंवा आकाशात जवळजवळ समोरासमोर नसावेत. ५० ते १०० अंशांचे अंतर सोयीचे असते. व्याध आणि ब्रह्महृदय यांच्यात सुमारे ६६ अंशांचे अंतर आहे. उपकरण मोजलेले अंतर आणि सूचीतील अंतर यांची तुलना करते. ६६ ऐवजी ६३ अंश आले, तर चुकीचा तारा निवडला गेला आहे किंवा एन्कोडर घसरला आहे असे समजावे. बहुतेक उपकरणे हा फरक पडद्यावर दाखवतात.

जुळवणी झाल्यावर सूचीतून ज्योत निवडली की दोन आकडे दिसतात: एक उभ्या अक्षाचा, दुसरा आडव्या अक्षाचा. दोन्ही शून्य होईपर्यंत दुर्बीण सरकवली की ज्योत दृष्टिक्षेत्रात येते.

### छायाचित्रावरून दिशा ओळखणे

दुसऱ्या प्रकारात अक्षांवर कोणताही संवेदक नसतो. दुर्बिणीच्या नळीवर बसवलेला कॅमेरा आकाशाचे छायाचित्र घेतो. संगणक त्यातील ताऱ्यांच्या लहान-लहान गटांचे आकार, म्हणजे त्यांच्या परस्पर अंतरांची गुणोत्तरे, आधीच तयार केलेल्या सूचीशी पडताळून पाहतो. जुळणी सापडली की छायाचित्राचा मध्य कोठे आहे हे कळते. अंतराळयानांची दिशा ठरवण्यासाठी अशीच पद्धत वापरली जाते. खगोलीय छायाचित्रांसाठी ‘ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट’ ही मुक्त प्रणाली परिचित आहे. तिचे सविस्तर वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

स्टारसेन्स प्रकारात फोन एका कंसात बसतो आणि लहान आरशामुळे त्याच्या कॅमेऱ्याला दुर्बिणीच्या दिशेचे आकाश दिसते. कॅमेरा व दुर्बीण यांच्या दिशांमधला फरक एकदा जुळवून घ्यावा लागतो. दिवसा दूरच्या टॉवरच्या टोकासारखी स्थिर खूण त्यासाठी सोयीची असते. प्रत्येक छायाचित्र स्वतंत्रपणे सोडवले जात असल्याने दुर्बिणीला धक्का लागला तरी जुळवणी बिघडत नाही. मात्र ढग, संधिप्रकाश, झाडे आणि इमारती यांमुळे तारे झाकले गेले तर हे साधन निरुपयोगी ठरते.

### साधी कोनमापक साधने

सर्वांत कमी खर्चाची पद्धत म्हणजे नळीवर अंकीय कोनमापक ठेवणे आणि बैठकीच्या तळाशी अंशांच्या खुणांचे कागदी चक्र चिकटवणे. सुतारकाम व यंत्रशाळेत वापरले जाणारे चुंबकाचे अंकीय कोनमापक ०.१ अंशापर्यंत वाचन देतात. फोनवरील तारकानकाशाचे ॲप ज्योतीचे त्या क्षणाचे उन्नतांश आणि दिगंश सांगते. कागदी चक्राचा शून्य एखाद्या ठळक ताऱ्यावरून जुळवून घेतला की तेवढ्या आकड्यांवर दुर्बीण लावता येते. या पद्धतीत बैठक समतल असणे आवश्यक आहे आणि आकडे दर काही मिनिटांनी नव्याने घ्यावे लागतात. दिगंशासाठी फोनमधील होकायंत्रावर विसंबू नये. लोखंडी भागांमुळे त्याचे वाचन अनेक अंशांनी चुकू शकते.

## जुळवणीच्या ताऱ्यांची मराठी नावे

उपकरणांवर ताऱ्यांची नावे पाश्चात्त्य पद्धतीने दिलेली असतात. नक्षत्रांची मराठी नावे माहीत असलेल्या निरीक्षकाचा जुळवणीच्या वेळी त्यामुळे गोंधळ होऊ शकतो. नेहमी वापरल्या जाणाऱ्या ताऱ्यांची नावे पुढीलप्रमाणे आहेत.

| मराठी नाव | उपकरणावरील नाव | तारकासमूह | रात्री ९ च्या सुमारास याम्योत्तर वृत्तावर |
|---|---|---|---|
| रोहिणी | अल्डेबरान | वृषभ | जानेवारीचा मध्य |
| ब्रह्महृदय | कॅपेला | सारथी | जानेवारीची अखेर |
| व्याध | सिरियस | बृहल्लुब्धक | फेब्रुवारीचा मध्य |
| मघा | रेग्युलस | सिंह | एप्रिलची सुरुवात |
| चित्रा | स्पायका | कन्या | मे महिन्याची अखेर |
| स्वाती | आर्क्ट्युरस | भूतप | जूनची सुरुवात |
| ज्येष्ठा | अँटारेस | वृश्चिक | जुलैचा मध्य |
| अभिजित | व्हेगा | स्वरमंडल | ऑगस्टचा मध्य |
| श्रवण | अल्टेअर | गरुड | सप्टेंबरची सुरुवात |

ध्रुवतारा जुळवणीसाठी शक्यतो टाळावा. तो ठळक नाही आणि विषुववृत्तीय बैठकीवर ध्रुवाजवळ विषुवांशाचे मोजमाप भरवशाचे राहत नाही.

## अचूकता आणि त्रुटी

एन्कोडरच्या साधनांत सर्वाधिक त्रुटी यांत्रिक असतात. एन्कोडरचा दांडा अक्षाच्या नेमक्या मध्यावर नसणे, त्याचा स्क्रू सैल असणे, दोन अक्ष एकमेकांना काटकोनात नसणे आणि नळी स्वतःच्या वजनाने वाकणे ही त्यांची प्रमुख कारणे होत. घरी बनवलेल्या लाकडी बैठकीत मध्याचा खिळा सैल असेल तर महागडा एन्कोडरही उपयोगी पडत नाही.

वातावरणामुळे प्रकाशाचे वक्रीभवन होऊन ज्योत प्रत्यक्षाहून उंच दिसते. क्षितिजावर हा फरक अर्ध्या अंशाहून अधिक असतो. १० अंश उंचीवर तो सुमारे ५ कलांपर्यंत घटतो. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे संपातबिंदू दरवर्षी सुमारे ५० विकला सरकतो. २००० सालच्या स्थानांची सूची २५ वर्षांनी दुरुस्तीविना वापरली तर २० कलांहून अधिक फरक पडू शकतो. चांगली उपकरणे ही दुरुस्ती आपोआप करतात. छापील सूचीवरून आकडे घेणाऱ्याने ती स्वतः करावी लागते.

उपाय म्हणून आकाशाच्या नव्या भागात गेल्यावर जवळच्या ठळक ताऱ्यावर पुन्हा जुळवणी करतात. शोधताना कमी वर्धनाची नेत्रिका वापरणे हाही सोपा उपाय आहे.

## महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा मोठी आहे. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था ही १९४४ मध्ये स्थापन झालेली संस्था देशातील हौशी खगोलप्रेमींची सर्वांत जुनी संस्था मानली जाते. मुंबईचे खगोल मंडळ वांगणी येथे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेत आले आहे. पुण्यातील आयुका या संस्थेने शिक्षक आणि हौशी निरीक्षकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. अशा कार्यशाळांत आरसा घासून तयार होणारी दुर्बीण बहुधा डॉबसोनियन बैठकीची असते आणि पुश-टू साधने याच बैठकीला सर्वांत सहज जोडता येतात.

शहर आणि खेडे येथील गरजा वेगळ्या आहेत. मुंबई-पुण्यात मंद मार्गदर्शक तारे दिसत नाहीत. मात्र चार-पाच ठळक तारे दिसत असल्याने दोन ताऱ्यांची जुळवणी शक्य होते. तेथे एन्कोडरचे साधन नसेल तर अनेक ज्योती सापडतच नाहीत. शहरापासून दूर, काळोख्या आकाशाखाली नकाशावरून शोधणे शक्य असते आणि साधनामुळे मुख्यतः वेळ वाचतो. रांगेत पन्नास विद्यार्थी उभे असताना एका ज्योतीसाठी पंधरा मिनिटे गेली की उत्सुकता ओसरते. शाळेची दुर्बीण चंद्र आणि शनी दाखवून कपाटात जाण्याचे हे एक सर्वसामान्य कारण आहे.

विदर्भातील वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील इंझोरीचे उदाहरण अक्षांशाचा परिणाम समजण्यास उपयोगी आहे. हे गाव सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून अवघा सुमारे २० अंश उंच दिसतो आणि घर किंवा झाडाआड सहज जातो. ध्रुवाकडे रोखावी लागणारी विषुववृत्तीय बैठक त्यामुळे अडचणीची ठरते. डॉबसोनियन बैठक व दोन ताऱ्यांची जुळवणी यांना ध्रुवताऱ्याची गरज नसते.

याम्योत्तर वृत्तावर असताना ज्योतीची उंची काढण्याचा नियम सोपा आहे: अक्षांश आणि क्रांती यांतील फरक ९० मधून वजा करावा. देवयानी दीर्घिकेची क्रांती अधिक ४१ अंश आहे. म्हणून ती इंझोरीहून उत्तरेकडे सुमारे ६९ अंश उंच येते. ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छाची क्रांती उणे ४७.५ अंश आहे. तो दक्षिणेकडे सुमारे २२ अंश उंच येतो. दिल्लीहून तोच सुमारे १४ अंशांवर राहतो आणि लंडनहून कधीच उगवत नाही. कर्केतील मेसियर ४४ हा तारकागुच्छ मात्र इंझोरीच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. डॉबसोनियन बैठकीवर नेमक्या डोक्यावरील ज्योतीचा माग ठेवणे कठीण असते, कारण तेथे थोड्याशा बदलासाठी बैठक खूप फिरवावी लागते. अशी ज्योत माथ्यावर येण्याच्या एक तास आधी किंवा नंतर पाहावी.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर निरीक्षण जवळपास बंद असते. या काळात बॅटऱ्या काढून ठेवणे आणि एन्कोडर धूळ व दमटपणापासून झाकून ठेवणे हितकारक असते. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. विदर्भातील काळोख्या आकाशाचे महत्त्व त्यामुळे अधोरेखित झाले.

## मर्यादा आणि मतभेद

शोधसाधन ज्योतीला उजळ करीत नाही. सूचीत हजारो दीर्घिका असल्या तरी १५० मिलिमीटरच्या आरशातून त्यांतील थोड्याच दिसतात. नवखा निरीक्षक आकडे शून्य झाल्यावर काहीच न दिसल्याने उपकरण बिघडले असे समजतो. प्रत्यक्षात ज्योत क्षेत्रात असूनही मंद असते. फोनचा पांढरा पडदा डोळ्यांची काळोखाशी झालेली जुळणी मोडतो आणि ती पुन्हा होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. म्हणून पडदा लाल व मंद ठेवतात.

साधनांमुळे आकाशाची ओळख होत नाही, असा जुन्या निरीक्षकांचा आक्षेप असतो. अमेरिकेतील ॲस्ट्रॉनॉमिकल लीगच्या मेसियर निरीक्षण उपक्रमात ज्योती स्वतः शोधणे अपेक्षित असते. मार्च-एप्रिलमधील अमावास्येच्या रात्री सर्व ११० मेसियर ज्योती पाहण्याच्या ‘मेसियर मॅरेथॉन’मध्येही अनेक मंडळे अशी साधने वर्ज्य मानतात. याउलट, प्रकाश प्रदूषण, वाढते वय, मानदुखी किंवा कमी वेळ यांमुळे नकाशावरून शोधणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी हीच साधने निरीक्षण चालू ठेवण्याचा मार्ग ठरतात.

व्यवहारात दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत. दोन ताऱ्यांची जुळवणी करण्यासाठी किमान काही तारे नावाने ओळखता यावे लागतात आणि साधनाने दाखवलेली ज्योत नकाशावर पडताळली तर पुढच्या वेळी ती साधनाशिवायही सापडू शकते.

## हे सुद्धा पहा

- डॉबसोनियन दुर्बीण
- मेसियर वस्तू
- खगोलीय निर्देशांक पद्धती
- प्रकाश प्रदूषण
- ज्योतिर्विद्या परिसंस्था